गलबतामागचा मुलूख

फेब्रुवारी २०२४ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘स्कल अँड बोन्स’ हा व्हिडिओ गेम बाजारात आणला. त्याचे घराणे जुने आहे. ‘असॅसिन्स क्रीड’ ही मालिका २००७ साली सुरू झाली. २०१३ मध्ये तिच्यातला ‘ब्लॅक फ्लॅग’ आला आणि गच्च्यांवरून, छपरांवरून उड्या मारणाऱ्या मारेकऱ्यांची ही मालिका थेट कॅरिबियन समुद्रातल्या चाच्यांच्या जहाजावर चढली. त्यातली जहाजे खेळणाऱ्यांना इतकी आवडली की निव्वळ समुद्रावरचा एक फाटा काढायचे ठरले. हा फाटा आधी ‘ब्लॅक फ्लॅग’ची पुरवणी म्हणून सुरू झाला, कंपनीच्या सिंगापूरच्या स्टुडिओत वाढला, वर्षानुवर्षे लांबत गेला आणि शेवटी स्वतंत्र गेम होऊन बाहेर पडला. कॅरिबियन सोडून त्याने सतराव्या शतकाच्या अखेरचा हिंदी महासागर निवडला. ही बातमी मराठी खेळणाऱ्याच्या कानावर आली तेव्हा त्याने कोकण किनाऱ्याची वाट पाहिली असेल, तर त्यात नवल नाही. प्रत्यक्षात गेम आला तेव्हा त्याच्या नकाशात आफ्रिकेचा किनारा होता, मादागास्करच्या बाजूचे एक कल्पित बेट होते, पूर्वेकडचा मसाल्यांचा द्वीपसमूह होता. गुजरातपासून मलबारपर्यंतचा किनारा मात्र त्यात नव्हता. हिंदी महासागरातल्या चाचेगिरीची गोष्ट सांगायची आणि ज्या किनाऱ्यावरच्या माणसाला इंग्रजांनी तीन दशके ‘चाचा’ म्हणून हिणवले तो किनाराच वगळायचा, ही उणीव मोठी आहे. पण पुढच्या पानांचा विषय केवळ ती उणीव नाही. समजा, या गेममध्ये अलिबाग, खांदेरी, विजयदुर्ग सगळे असते, तरीही त्यातून मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्रे कळले नसते, कारण चाच्यांच्या गेमची रचनाच अशी आहे की तिच्यात जहाज दिसते, जहाजामागचा मुलूख दिसत नाही. कान्होजी चाचे होते की नव्हते, या प्रश्नाचे उत्तर जहाजाच्या फळीवर उभे राहून मिळत नाही. ते मिळवायला खाडीने आत, घाटाच्या पायथ्याशी, महाड-पोलादपूरच्या बाजूला यावे लागते.

चाच्यांच्या गेमचा साचा एव्हाना पक्का झाला आहे. जपानमध्ये २००५ पासून चालत आलेल्या ‘लाइक अ ड्रॅगन’ या गुंडांच्या टोळ्यांवरच्या मालिकेनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये चाच्यांचा एक फाटा काढला. त्यात गोरो माजिमा हा तिचा जुना लाडका गुंड स्मृती गमावून हवाईजवळच्या बेटावर वाहून येतो आणि तांडेल होतो. काळ आजचा, समुद्र वेगळा, पण सांगाडा तोच आहे. नायकाकडे आरंभी काहीच नसते. एक मोडके जहाज मिळते, चार माणसे जमतात. मग दुसऱ्याचे जहाज गाठायचे, तोफा डागायच्या, दोर टाकून वर चढायचे आणि लुटीच्या मालातून आपले जहाज मोठे करायचे. ‘ब्लॅक फ्लॅग’मध्ये लुटलेल्या गलबतावरचे लाकूड, धातू आणि कापड वापरूनच नायकाचे जहाज मजबूत होत जाते. ‘स्कल अँड बोन्स’मध्ये तर त्याहून बोलका प्रकार आहे. जहाज किनाऱ्याला घासून न्यायचे, पडद्यावर करवतीची खूण दिसली की नेमक्या क्षणी बटण दाबायचे, आणि बाभळीच्या जातीचे लाकूड जहाजात येऊन पडते. खाली उतरावे लागत नाही, कोणाला विचारावे लागत नाही, किनाऱ्यावर त्या झाडाचा मालक नसतो. वस्तीवर तोफा डागून ती लुटली तरी काही वेळाने ती पुन्हा जशीच्या तशी उभी राहते. या जगात जमीन म्हणजे लुटीचे कोठार आहे आणि ते कधी रिकामे होत नाही.

या करवतीच्या दृश्याशेजारी ‘आज्ञापत्र’ ठेवून पाहावे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेला हा अठराव्या शतकाच्या आरंभीचा राजनीतीवरचा मराठी ग्रंथ आहे, आणि त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजाला सागवान लागते, हे तो सांगतो, पण ते हुकुमाने, परवानगीने तोडावे, कमी पडेल ते विकत आणावे, असेही सांगतो. आंबा आणि फणस यांचे लाकूडही आरमाराच्या कामाचे, मात्र ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, तेव्हा त्यांना जबरदस्तीने हात लावू नये, झाड जुने होऊन उपयोगातून गेले असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा दंडक आहे. पावसाळ्यात जहाजे कुठे ओढून ठेवावीत, दरवर्षी एकाच बंदरात छावणी का करू नये, परमुलखातल्या सावकाराला कौल देऊन कसे वागवावे, याचाही विचार त्यात आहे. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम पगाराचे आहे. आरमाराचा तनखा मुलखातून नेमून द्यावा, समुद्रावरच्या पैदास्तीवर, म्हणजे तिथे हाती लागेल त्या कमाईवर, त्याची नेमणूक करू नये, असे ते बजावते. कारणही तिथेच दिले आहे: पैदास्तीवर पोसलेले आरमार सावकारांना उपद्रव देते आणि बंदरे बसतात. चाचा कोण आणि राज्याचा सरखेल कोण, याची याहून नेमकी कसोटी त्या काळच्या कोणत्याही युरोपीय कायदेपंडिताने दिली असेल असे मला वाटत नाही. चाच्याचे जहाज लुटीवर चालते. आरमाराचे जहाज कुठल्या तरी गावच्या सारावर, कुठल्या तरी नाक्यावरच्या जकातीवर आणि कुठल्या तरी घाटाने उतरलेल्या धान्यावर चालते.

ते गाव, तो नाका, तो घाट पाहायचा तर सावित्रीचे खोरे फार चांगले आहे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, कडा उतरून पोलादपूरजवळ सपाटीला लागते, महाडला काळ आणि गांधारी या नद्यांना पोटात घेते आणि मग खाडी होऊन बाणकोटपाशी समुद्राला मिळते. महाड समुद्रापासून खाडीच्या वळणावळणांनी चाळीस-पन्नास किलोमीटर आत आहे, तरी ते बंदर होते. मोठी तरांडी खाडीत खाली थांबत, मधल्या आकाराची दासगावपर्यंत येत आणि लहान होड्या भरतीच्या पाण्यावर महाडला लागत. तिथून मालाचे दोन रस्ते फुटत. एक वरंध घाटाने भोरकडे, दुसरा पोलादपूरवरून पारघाटाने जावळीत आणि पुढे वाईकडे. वर मीठ, सुकी मासळी, नारळ जायचे. खाली धान्य, गूळ, मिरची यायची. हा व्यापार शिवकाळापुरता नव्हता. महाडच्या वेशीवर गांधारपाले इथे सुमारे तीस बौद्ध लेण्यांचा समूह आहे आणि तिथल्या ब्राह्मी लेखात कानभोज विष्णुपालित या राजकुमाराचे नाव कोरलेले आहे. मागे पैसा आणि पुढे रहदारी असल्याशिवाय अशी लेणी खोदली जात नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासमाहितीत कोकणच्या बंदरांची जी नावे येतात त्यांतले एक या पाले गावाचे असावे, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. त्याच ग्रंथात या किनाऱ्याच्या एका टापूत चाच्यांचा वावर असल्याची नोंद आहे. म्हणजे व्यापार, बंदर आणि लूट हे तिघेही इथे दोन हजार वर्षांचे शेजारी आहेत, आणि त्या तिघांत राज्यकर्त्याची जागा कोणती हा प्रश्नही तेवढाच जुना आहे.

खाडी आतवर शिरते म्हणूनच इथली जहाजे कॅरिबियनच्या जहाजांसारखी नव्हती. ‘ब्लॅक फ्लॅग’मध्ये लढाईचा सगळा कैफ बाजूच्या तोफांच्या सरबत्तीत आहे: जहाज आडवे करायचे आणि एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम उडवायच्या. आंग्र्यांच्या आरमाराचा कणा म्हणजे गुराब आणि गलबत. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या, नाळ लांब आणि बसकी, आणि त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या जड तोफा. गलबत त्याहून लहान आणि हलके, चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे. दोघांचाही तळ उथळ, त्यामुळे जिथे इंग्रजांचे खोल तळाचे जहाज गाळात रुतेल तिथे ती सहज आत जात. वारा पडला की युरोपीय जहाज जागीच डोलत राही. नेमक्या त्या वेळी गलबते वल्हवत गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीला आणत, कारण पिछाडीवर तोफा कमी असतात. आधी डोलकाठ्या आणि शिडे फोडायची, जहाज लंगडे करायचे आणि मग चहूबाजूंनी माणसे वर चढवायची. या डावाला वारा नको, पण वल्ह्यांवर शेकडो हात हवेत. ते हात कोळ्यांचे, भंडाऱ्यांचे, खारव्यांचे, गाबितांचे होते, किनाऱ्यावरच्या गावांतले होते. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत जहाजे ओढून, शाकारून ठेवली की ही माणसे घरी असत, आणि त्या महिन्यांतही त्यांची चूल पेटती राहावी लागे. गेममधले वादळ थरारासाठी असते. इथला पावसाळा हा दरवर्षी ठरलेला खर्च होता.

समुद्रावरचा हक्क कोणाचा, हा प्रश्नही याच मुलखात, महाड तालुक्यातल्याच रायगडावर, एकदा उघडपणे चर्चेला आला आहे. १६७४ च्या उन्हाळ्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमे घेऊन आला. शिवाजी महाराज तेव्हा प्रतापगडाला गेले होते, म्हणून त्याला पायथ्याच्या पाचाडला थांबावे लागले, आणि पुढे ६ जूनचा राज्याभिषेक त्याने पाहिला. त्याच्या कलमांपैकी बहुतेक मान्य झाली. अडले ते फुटक्या जहाजांच्या कलमावर. इंग्रजांचे जहाज किनाऱ्यावर फुटले तर त्यावरचा माल त्यांना परत मिळावा, अशी त्यांची मागणी होती. किनाऱ्याला लागलेला असा माल राजाचा, ही कोकणची पूर्वापार चाल आहे आणि ती इंग्रजांसाठी मोडली तर इतरही तेच मागतील, अशी रायगडाची भूमिका होती. या चालीचे समर्थन करण्याची आज गरज नाही. बुडालेल्या व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ती कठोरच होती. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की बोलणी चालली होती दोन कायद्यांमध्ये. एक पक्ष कायद्याचा आणि दुसरा लुटारू, असे ते चित्र नव्हते. पुढे पाच वर्षांनी, १६७९ मध्ये, खांदेरीवर मराठ्यांनी ठाणे घातले तेव्हा मुंबईकर इंग्रजांना ते उठवता आले नाही, आणि कान्होजींना जो समुद्र वारशाने मिळाला तो याच वादातून आलेला होता.

आता ज्या काळात ‘ब्लॅक फ्लॅग’ घडतो तो काळ पाहू, कारण योगायोग फार उपयोगी आहे. त्या गेमची कथा १७१५ पासून पुढच्या सात वर्षांची आहे. नासाऊ बेटावर चाच्यांनी केलेले स्वतःचे गणराज्य, ब्लॅकबिअर्ड, कॅलिको जॅक, अ‍ॅन बॉनी हे सगळे त्यात आहेत. नेमक्या याच वर्षांत मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून कान्होजींवर एकामागून एक मोहिमा काढत होता. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ च्या नोव्हेंबरात खांदेरीवर, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर, आणि १७२१ च्या अखेरीस पोर्तुगिजांना सोबत घेऊन कुलाब्यावर. ज्या नोव्हेंबरात बून खांदेरीहून हात हलवत परतला त्याच महिन्यात अमेरिकेच्या किनाऱ्यावर ब्लॅकबिअर्ड मारला गेला. लंडनच्या नजरेत दोन्ही कामे एकच होती: कमोडोर मॅथ्यूज याचा ताफा मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला म्हणून पाठवला गेला आणि तोच कुलाब्याच्या हल्ल्यात वापरला गेला. पण निकाल पाहा. नासाऊला जुलै १७१८ मध्ये वुड्स रॉजर्स राजाचा माफीनामा घेऊन उतरला आणि ते गणराज्य विरघळले. बऱ्याच चाच्यांनी माफी घेतली, उरलेले पांगले, काही फासावर गेले. त्यांच्यामागे सारा देणारे गाव नव्हते, मदतीला येणारे राज्य नव्हते. कुलाब्याला मात्र राजाची जहाजे, कंपनीचे सैन्य आणि पोर्तुगीज फौज एकत्र येऊनही काही साधले नाही, कारण घाटावरून बाजीराव पेशवा आणि पिलाजी जाधव यांचे घोडदळ खाली उतरले. पोर्तुगिजांनी जानेवारी १७२२ मध्ये मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले. समुद्रावरचा किल्ला जमिनीवरच्या घोड्यांनी वाचवला. १७१३ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथाने कान्होजींना शाहू महाराजांच्या बाजूला वळवले, सरखेली आणि किल्ल्यांचा ताबा कायम केला, त्या कराराचे हे फळ होते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो टाळू नये. कान्होजींनी व्यापारी जहाजे पकडली, माल घेतला, माणसे ओलीस ठेवली. १७१२ मध्ये कारवारहून मुंबईला येणाऱ्या जहाजांवर त्यांच्या माणसांनी हल्ला केला, गव्हर्नरची नौका पकडली, थॉमस चाऊन हा कंपनीचा अधिकारी मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. पुढच्या वर्षी तीस हजार रुपये घेऊन तिला सोडण्यात आले. त्या बाईच्या बाजूने पाहिले तर सरखेल आणि चाचा यांत फरक तो काय? फरक नाही, असे मी तिच्यापुरते मान्य करतो. पण तीच मोजपट्टी सगळ्यांना लावली पाहिजे. पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या आरंभापासून आपला परवाना नसलेले प्रत्येक जहाज जप्त करत आले होते. जंजिऱ्याचा सिद्दी आपले दस्तक चालवत होता, इंग्रजही परवाने देत होते. कान्होजींनी तेच केले: या पाण्यातून जायचे तर आमचे दस्तक घ्या. वाद पेटला तो मुख्यतः एका मुद्द्यावर. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना मोकळीक द्यायला ते तयार होते, पण मुंबईतल्या खासगी व्यापाऱ्यांचा माल आणि देशी सावकारांची जहाजे इंग्रजी निशाणाच्या आडून जकात चुकवतात, हे त्यांना मान्य नव्हते. बूनशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी असा प्रतिवाद केला आहे की एक सत्ता दुसऱ्या सत्तेचे हिसकावूनच उभी राहते, आणि त्याला अपवाद स्वतः कंपनीही नाही. हे उत्तर नैतिक नाही, पण खरे आहे. हल्ली कोणी कान्होजींना चाचा म्हटले की आपण चिडतो आणि त्यांनी कधी कोणाला त्रासच दिला नाही असे सांगू लागतो. तसे करण्याची गरज नाही. त्यांनी जकात वसूल केली, आणि त्या काळी समुद्रावर जकात तोफेनेच वसूल होत असे.

दुसरा आक्षेप या प्रस्तावनेच्या मुळावर येणारा आहे. सावित्रीचे खोरे आंग्र्यांचे होते कुठे? १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला, मग तो आणि भोवतालचा मुलूख सिद्दीकडे राहिला, आणि १७३३ पर्यंत, म्हणजे ४ जुलै १७२९ ला कान्होजी वारले त्यानंतरही चार वर्षे, ही स्थिती होती. हे खरे आहे, आणि म्हणूनच हे खोरे माझ्या मुद्द्याला अधिक जवळचे वाटते. घाटमाथा मराठ्यांचा, रायगड सिद्दीचा, बाहेरचा समुद्र आंग्र्यांचा, अशी नदीची फाळणी झाली तेव्हा कोणालाच निश्चिंतपणे राज्य करता येईना. १७३३ ची मोहीम ही फाळणी मोडण्यासाठी होती. बाजीराव घाट उतरून आला, कान्होजींचे पुत्र सेखोजी यांचे आरमार समुद्रावर होते, आणि त्या वर्षी रायगड परत आला. लगोलग सेखोजी वारले, भावाभावांत तेढ पडली, आणि जंजिरा मात्र राहून गेला. आरमार आणि मुलूख एका मनाने चालले की काय होते आणि ते तुटले की काय होते, हे एकाच हंगामात दिसले.

ते पूर्णपणे तुटले तेव्हाचा हिशेब तर फार मोठा आहे. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात. व्यापाऱ्यांना आणि शेजारच्या सरदारांना त्यांचा उपद्रव वाढला, यात शंका नाही. नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्यावर इंग्रजांची मदत घेतली. १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग आणि लगेच बाणकोट घेतले. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि तिथे नांगरलेले आंग्र्यांचे आरमार आगीत जळाले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले आणि सुटले नाहीत. घोडदळ या वेळी घाटावरून उतरले होते, पण समोरच्या बाजूने. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातल्या तहात इंग्रजांनी विजयदुर्ग पेशव्यांना दिला आणि बदल्यात बाणकोट व सावित्रीकाठची काही गावे ठेवून घेतली. मुंबईला अन्नसामग्रीची ददात होती, आणि एका जलदुर्गापेक्षा आतल्या मुलखाकडे नेणारे खाडीचे तोंड त्यांना अधिक मोलाचे वाटले. बाणकोटला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. पेशव्यांनी किल्ला कमावला आणि नदी गमावली, असे मला वाटते. १८०२ च्या ऑक्टोबरात होळकरांकडून पुण्याजवळ पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव पळाला तो महाडलाच आला. तिथून किनारा गाठून इंग्रजी जहाजाने वसईला गेला, आणि ३१ डिसेंबरला त्याने तैनाती फौजेच्या तहावर सही केली. ज्या वाटेने पूर्वी राज्याची मदत समुद्राकडे उतरत होती, त्याच वाटेने राज्य इंग्रजांच्या आश्रयाला उतरले.

तिसरा आक्षेप तरुण वाचकांचा असेल: गेम हा गेम आहे, त्याच्याकडून इतिहासाची अपेक्षा का करावी? माजिमासारख्या पात्राच्या गमतीदार गेमकडून मीही ती करत नाही. पण ‘असॅसिन्स क्रीड’च्या घराण्याने आपली ओळखच इतिहासावर उभी केली आहे, आणि शिवाय गेम शिकवतो तो संवादांतून नव्हे, नियमांतून. चाळीस-पन्नास तास खेळणाऱ्याच्या हाताला जी सवय लागते ती अशी की लाकूड फुकट असते, वस्ती लुटली तरी भरते, जहाज स्वतःच स्वतःला पोसते. कोणी इतिहासकाराने असे लिहिले असते तर आपण हरकत घेतली असती. हातांना शिकवलेल्या गोष्टीवर हरकत घेणे अधिक कठीण आहे, म्हणून ती अधिक जपून घेतली पाहिजे. २००७ च्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटात हिंदी महासागराचा चाचेपती म्हणून ‘श्री सुंभाजी आंग्रिया’ नावाचे पात्र आहे. कान्होजींचे पुत्र संभाजी यांच्यावरून ते नाव घेतले हे उघड आहे. नाव आले, पगडी आली, पण त्या माणसामागे कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि त्यांना पोसणारी गावे होती हे आले नाही. उद्या आपल्याकडच्या एखाद्या स्टुडिओने उत्साहाने कान्होजींवर गेम काढला आणि त्यात फक्त भगवे निशाण, घोषणा आणि इंग्रजांची बुडणारी जहाजे ठेवली, तर तोही याच साच्यातला होईल. नायक बदलेल, हिशेब तसाच गाळलेला राहील.

हिशेब घातला तर गेम रुक्ष होईल, ही भीती खोटी आहे. शहरे वसवण्याचे, शेती करण्याचे, व्यापार सांभाळण्याचे गेम जगभर आवडीने खेळले जातात. कल्पना करा की खेळणाऱ्याकडे दासगावचे बंदर आहे. सागाचे झाड तोडायचे तर परवानगी लागते, फणसाचे झाड घ्यायचे तर मालकाला राजी करावे लागते. पोलादपूरच्या नाक्यावर बैलांचे तांडे अडवले तर पैसा आज मिळतो, पण पुढच्या वर्षी तांडे दुसऱ्या घाटाने जातात. दस्तक नसलेले जहाज पकडले तर तिजोरी भरते, मात्र सावकार बंदर सोडतो. पावसाळ्याचे महिने गलबत शाकारून बसलेल्या वल्हेकऱ्यांना पोटाला द्यावे लागते. यातला प्रत्येक निर्णय ‘आज्ञापत्रा’तल्या एकेका कलमातून निघतो. यात लढाईही आहे, आणि ती अधिक जिवावरची आहे, कारण हरल्यावर जहाज पुन्हा आपोआप मिळत नाही.

महाडला आज बंदर नाही. खाडी गाळाने भरत गेली आणि रहदारी रस्त्यावर आली. तरी डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या सत्याग्रह परिषदेला मुंबईहून आले ते बोटीने दासगावला उतरून. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या आठवणीतही हे जलमार्ग जिवंत होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूरच्या मधला इंग्रजांच्या काळातला पूल सावित्रीच्या पुरात वाहून गेला आणि जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा या नदीचे नाव राज्यभर पोहोचले ते आपत्ती म्हणून. तिने एक आरमारी जग पोसले होते, हे तिच्या काठच्या शाळांतही फारसे सांगितले जात नाही. पुढची पाने वाचताना वाचकाने एक करावे. शेजारी रायगड जिल्ह्याचा नकाशा उघडा ठेवावा, १९८१ पर्यंत याच जिल्ह्याचे नाव कुलाबा होते हे ध्यानात घ्यावे, आणि अलिबाग किंवा विजयदुर्गाच्या लढाईचे वर्णन आले की त्या गुराबेचे लाकूड, तिच्यावरचे धान्य आणि तिच्या वल्हेकऱ्यांचा तनखा कुठल्या गावातून आला असेल, ते बोट ठेवून शोधावे.